दारावरचे ‘नाळे बा’

१९९० च्या दशकातली एक गोष्ट आपल्या भागातल्या पुष्कळांना आठवत असेल. कर्नाटकातल्या कितीतरी गावांत तेव्हा घरांच्या दारांवर खडूने दोन शब्द लिहिलेले दिसायचे, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. रात्री एक भूत दारोदार फिरते, घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते आणि जो दार उघडेल त्याचे काही खरे नाही, अशी आवई उठली होती. त्यावर लोकांनी हा तोडगा काढला. भुताने यायचे, दारावरचे वाचायचे आणि ‘बरे, उद्या येऊ’ म्हणून परत फिरायचे. दुसऱ्या दिवशी आले की पुन्हा तेच. भूत साक्षर होते आणि शिवाय भलते आज्ञाधारकही, असेच म्हणायला हवे!

आज हे आठवून हसू येते. पण वाचकहो, जरा आपापल्या दाराकडे बघा. सकाळी फिरायला जाणे, साखर कमी करणे, ताटात भाजी वाढवणे, ही मंडळी रोज आपल्या दारात येऊन उभी राहतात आणि आपण त्यांना ‘नाळे बा’ची पाटी दाखवून परत पाठवतो. गणपती होऊ देत, मग बघू. दिवाळीचा फराळ संपू दे. मुलांची परीक्षा होऊन जाऊ दे. एक तारखेपासून नक्की! ती बिचारी भुताइतकीच आज्ञाधारक असतात. मुकाट्याने परत जातात.

मात्र आजाराला ही पाटी वाचता येत नाही. तो सरळ आत येतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मधुमेहाविषयीची देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्व राज्यांत वरचा क्रमांक कुणाचा, तर आपल्या शेजारच्या गोव्याचा. तिथे दर १०० प्रौढांत २६ जणांना मधुमेह आढळला. असे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मात्र पान उलटून भागत नाही. दुपारी डबे उघडले की डब्यांच्या शेजारी गोळ्यांच्या पट्ट्याही बाहेर येतात. कुणाची साखरेची, कुणाची रक्तदाबाची, कुणाची दोन्ही. पन्नाशीही न गाठलेली माणसे एकमेकांना ‘तुझी किती एमजीची?’ असे विचारतात, पूर्वी ‘भाजी कसली आणलीस?’ विचारायची तसे.

आमच्या घरी हा आजार २०१९ साली कळला, तोही आडवाटेने. माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामा म्हणतो, नव्या चपलेने पायाच्या बोटाला घासले. दुखत नव्हते म्हणून त्यांनी कुणाला सांगितले नाही. दुखत का नव्हते, ते पुढे कळले. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होत जातात, जखम होते पण तिची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असतो, त्यामुळे जखम भरत नाही. जखम चिघळून ताप आला तेव्हा दवाखान्यात नेले, आणि मधुमेह आहे हे घरातल्या सगळ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजले. बोट काढावे लागले. आयुष्यभर शेताच्या बांधावरून फिरलेला माणूस तीन आठवडे पलंगावर छताकडे बघत पडून होता.

मामा घरी आले तेव्हा आहाराचा कागद बरोबर होता. शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या. त्यांच्यापैकी बहुतेकींचा सल्ला एकच होता, ‘त्यांचे ताट वेगळे काढत जा.’ त्यांना वेगळी बिनमिठाची आमटी, वेगळी भाजी, बाकीच्यांना नेहमीचे. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अत्तींनी, सगळे ऐकून घेतले आणि बायका गेल्यावर स्वयंपाकघरात मला एवढेच म्हणाल्या, ‘एरडेरड अडगी माडांगिल्ल.’ दोन-दोन स्वयंपाक मी करायची नाही. जे त्यांना, तेच सगळ्यांना.

मला त्या वाक्याचे मोल पुढे हळूहळू कळत गेले. वेगळ्या ताटाचे काय होते ते आपण आजूबाजूला पाहतोच. आजारी माणूस घरातच पाहुण्यासारखा होतो. सगळे भजी खात असताना तो उकडलेला दुधी खात बसतो. चार दिवस बसतो, पाचव्या दिवशी नातवाच्या ताटातले एक भजे उचलतो, आठव्या दिवशी कोपऱ्यावरच्या गाड्यावर जाऊन खातो. पथ्य म्हणजे शिक्षा, असे एकदा मनात बसले की माणूस शिक्षा चुकवायलाच बघतो. शिवाय मधुमेह, रक्तदाब हे आजार घराण्यातून येतात. मामांच्या ताटात जे शहाणपणाचे, ते त्यांच्या मुलाच्या आणि नातवंडांच्या ताटात आजपासूनच शहाणपणाचे. मग ताट वेगळे कशाला?

आता ताटात काय बदलले ते सांगते. माझे माहेर खानापूरकडचे, पावसाचे आणि भाताचे. सासर गोकाकच्या बाजूचे, जोंधळ्याचे. माहेरी मराठी, सासरी घरात कन्नड आणि बाहेर दोन्ही. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याला दोन नावे आहेत. जोंधळा म्हणजे जोळ, बाजरी म्हणजे सज्जी, राळे म्हणजे नवणी, कारळे म्हणजे गुरेळ्ळू, जवस म्हणजे अगसी, अंबाडी म्हणजे पुंडी. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि शहरातल्या मॉलमध्ये राळ्याची चकचकीत पाकिटे आली. अत्तींनी ती बघून विचारले, ‘हे आपले नवणीच ना? एवढे महाग?’

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भाकरी म्हणजे औषध नव्हे. जोंधळ्यात तंतू जास्त असतात, पोट लवकर भरते, हे खरे. तरी ते धान्यच. साखर आहे म्हणून भात सोडला आणि त्याऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या, तर फायदा कसला? तीच गोष्ट गुळाची. ‘आम्ही चहात साखर घालत नाही, गूळ घालतो’ असे अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांत फारसा फरक राहत नाही. आपला बेळगावचा कुंदा आणि गोकाकचा करदंट या दोन्हींचा मला अभिमान आहे. करदंटात डिंक आहे, सुकामेवा आहे, हेही मान्य. पण करदंट पौष्टिक म्हणून रोज दोन वड्या, हा हिशेब काही बरोबर नाही. सणाचा पदार्थ सणालाच शोभतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचे सार आपल्या भाषेत सांगायचे तर ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा, उरलेल्या निम्म्यात धान्य, डाळी-कडधान्ये आणि दूधदुभते. दिवसाला मीठ ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि साखर २५ ग्रॅमपर्यंत. आपले ताट आठवून बघा. मध्ये भाताचा डोंगर, कडेला दोन भाकऱ्या किंवा चपात्या, आणि भाजी कोपऱ्यात, तोंडी लावण्यापुरती. ‘तोंडी लावणे’ हा शब्दच भाजीची पायरी सांगतो! साखरेचा हिशेब तर घरबसल्या करता येतो. एका चमच्यात ४ ते ५ ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचा एक चहा, असे दिवसाला चार चहा झाले की ३२ ते ४० ग्रॅम साखर पोटात गेली. अजून बिस्किटाला हात लावलेला नाही.

आमच्याकडे बदल झाले ते असे, एकेक करून. आधी चहातली साखर. दोन चमच्यांवरून दीड, पंधरा दिवसांनी एक, महिन्याभराने अर्धा. जीभ हळूहळू वळते, एका दिवसात तोडले की रुसते. मग भाजी. एक पालेभाजी रोज, आणि जेवणाआधी काकडी, मुळा, कांद्याची पात, कोवळी मेथी यांतले काहीतरी कच्चे. यात नवे काही नाही. उत्तर कर्नाटकात भाकरीबरोबर कच्चा पाला खायची पद्धत जुनीच आहे, आपणच ती गावंढळ समजून सोडली आणि आता सॅलड म्हणून हॉटेलात पैसे देऊन खातो. मग वाढायचा क्रम. आधी कोशिंबीर आणि भाजी, उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि एकदाच. भाज्या आणि प्रथिने आधी खाल्ली तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांतून दिसले आहे. पदार्थ तेच, फक्त क्रम बदलायचा. याहून स्वस्त पथ्य कुठले? शेवटी लोणचे आणि पापड. ते टेबलावरून उठवून कपाटात ठेवले. बंदी नाही, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. मीठ या वाटांनीही पोटात शिरते.

हे झाले खाण्याचे. आता हालचालीचे.

लंडनमधल्या दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा एक अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तो केला. दोघे एकाच गाडीत, एकाच हवेत, एकाच पगाराच्या वर्गातले. पण दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त आणि दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी आढळला. व्यायामशाळेत कुणीच गेले नव्हते. फरक होता तो रोजच्या कामातल्या पायऱ्यांचा. आपल्या लाल बसमध्ये गर्दीतून वाट काढत तिकिटे फाडणारा कंडक्टर दिसला की मला हा अभ्यास हमखास आठवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले माप असे आहे की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने चालणे. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे काहीतरी. १५० मिनिटे हा आकडा मोठा वाटतो, पण आठवड्यातले पाच दिवस तीस मिनिटे, आणि तीसचेही दहा-दहाचे तीन तुकडे चालतात. रोज १० हजार पावले हवीतच असे नाही. तो आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून आला. त्याहून कमी पावलांचाही फायदा होतोच. शून्यावरून थोड्यावर येणे यातच सर्वांत मोठी कमाई आहे.

आणि ताकदीच्या व्यायामासाठी आपल्याला दूर जायला नको. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन त्याचा प्रसार केला. आपल्या बेळगावात तालमींची आणि कुस्तीच्या मैदानांची परंपरा आहे. जोर-बैठका हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांना तेवढे झेपत नाही त्यांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे आणि बसावे. मामा हेच करतात, टीव्हीवर बातम्या लागल्या की.

मैत्रिणींनो, आता थोडे आपल्याविषयी. २०२२ सालच्या स्थितीवर आधारलेला एक जागतिक अभ्यास २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. त्यानुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७. ‘दिवसभर घरात राबते, मला वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. राबणे खोटे नाही. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे म्हणजे छातीचे ठोके वाढवणारी हालचाल नव्हे. त्याने पाय दुखतात, हृदयाला व्यायाम होत नाही. आणि दुसरे, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला येणारी मंडळी बघा. नवरा फिरायला आलेला असतो, कारण बायको घरी डबे करत असते. तो परत येईतो चहा तयार. तिच्या चालण्याची वेळ घरात कुणीच राखून ठेवलेली नसते. पथ्याचे ताट एक असावे, तशी चालायची वाटही एक असावी. ज्या घरात नवऱ्याने किंवा मुलाने सकाळचा एक डबा भरायला घेतला, त्या घरातल्या बाईला अर्धा तास मिळाला. हा व्यायामाचाच भाग समजा.

खाण्यातही तेच. सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले, कढईतले शेवटचे, ‘वाया कशाला घालवायचे’ म्हणून दोन घास जास्त. अन्नाला नावे ठेवू नयेत हे बरोबर. पण आपले पोट म्हणजे उरलेले साठवायचा डबा नव्हे.

सवय लागायला किती दिवस लागतात? एकवीस दिवस, असे पुष्कळदा सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. त्यात आणखी एक दिलासा आहे. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. तेव्हा लग्नात जेवलात, पावसाने फिरणे बुडाले, तर ‘आता गेलेच सगळे’ म्हणून सोडू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. नवी सवय जुन्या सवयीच्या शेपटीला बांधली की ती टिकते. दूध आणायला गाडी न काढता पायी. देवापुढे दिवा लावून झाला की गल्लीत दहा मिनिटे. रात्रीचे जेवण झाले की भांडी घासायच्या आधी शतपावली, आणि ती सगळ्यांनी मिळून.

सावधगिरीचे दोन शब्द. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आहार आणि व्यायाम बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकाएकी खाली येऊ शकते. चालताना छातीत दाब वाटला, दम लागला, तर थांबा आणि तपासून घ्या. मधुमेह असलेल्यांनी रोज रात्री तळपाय बघावेत, वाकता येत नसेल तर खाली आरसा धरून. अनवाणी फिरू नये. तिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. आमच्या मामांनी पाच वर्षे आधी एक रक्ततपासणी केली असती, तर आज त्यांच्या पायाला दहाही बोटे असती.

आता अडचण एकच उरते, आपला आग्रह. कन्नड घरात गेलात की ‘इन्नू स्वल्प’ आणि मराठी घरात ‘अजून थोडं’. जेवण दोन्हीकडे दुप्पट! मी मराठी शिकवते, त्यामुळे ‘स्वल्प’ या शब्दाशी माझी विशेष मैत्री आहे. कन्नडमध्ये तो दिवसातून पन्नासदा येतो. मराठीत तो उरला आहे फक्त स्वल्पविरामात, म्हणजे थोडे थांबा, वाक्य अजून संपलेले नाही. पाहुण्यांना वाढताना हा अर्थ लक्षात ठेवायला हरकत नाही. वाढण्याआधी थोडे थांबा, विचारा. आणि पाहुण्याने ‘साक री’ म्हटले की ते खरे माना. हळदीकुंकवाला पेढ्याऐवजी भिजवलेले हरभरे किंवा एखादे फळ दिले, तर मान कमी होत नाही. आमच्या गल्लीत दोन घरांनी हे सुरू केले आणि नावे ठेवायला आलेल्या बायकांनीच घरी जाऊन तसे केले.

मामा आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांच्यासाठी मऊ तळाची खास चपला करून घेतली आहे. संध्याकाळी ते आणि अत्ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात, चार फेऱ्या. पहिल्या आठवड्यात एकच फेरी होती, तीही कुरकुरत. अत्ती पुढे चालतात आणि मागे वळून म्हणतात, ‘नडीरी, इन्नू स्वल्प.’

तेव्हा वाचकहो, या आठवड्यात सगळे काही बदलू नका. एकच गोष्ट निवडा. चहातला अर्धा चमचा, जेवणाआधीची काकडी किंवा जेवणानंतरची दहा मिनिटे. घरातल्या सगळ्यांना विचारून निवडा, म्हणजे ती सगळ्यांची होईल. आणि आज रात्रीच्या जेवणापासून सुरू करा.